हरायची शिकवणी

आमच्या घरात तलवार होती, पण तिचा दरारा वगैरे काही नव्हता. देवाच्या खोलीच्या दारावर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची आणि वर्षाचे अकरा महिने आई तिच्या मुठीला पिठाची चाळण अडकवून ठेवायची. दर शनिवारी बाबा चाळण काढून बाजूला ठेवायचे, तलवार खाली घ्यायचे, पायरीवर बसून चिंधीने तिला खोबरेल चोळायचे, आणि मग तलवार पुन्हा खुंट्यांवर, चाळण पुन्हा मुठीवर. यावरून त्या दोघांत कधी एका शब्दाचाही वाद झाला नाही. खोबरेल आणि लोखंड यांचा मिळून एक वास येतो. तो आजही कुठे आला की मी त्या दिवशी शनिवार आहे असं धरून चालते, आणि सून कॅलेंडर दाखवते.

बाबा होड्या बांधायचे. तोंडवळीला आमच्या घरामागे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. सकाळी मला जाग यायची ती बाबांच्या लाकूड तासायच्या वाकसाच्या ठकठक आवाजाने. समुद्राची गाज तर चोवीस तास असायची, त्यामुळे ती ऐकूच यायची नाही. आई चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवायची. पेजेच्या वाफेचा वास, फणसाच्या ताज्या लाकडाचा वास आणि होडीला लावायच्या उंडीच्या तेलाचा वास असे तीन वास एकमेकांत मिसळून घरात शिरायचे. पेजेबरोबर खारातली कैरी किंवा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता आणि रत्नागिरी कुठे आहे हे गावात फार थोड्यांना माहीत होतं. त्यावाचून कोणाचं काही अडत नव्हतं. मी सुखात होते, हे आधीच सांगून टाकते. आत्मचरित्र म्हटलं की बालपण हलाखीचं असावं लागतं अशी समजूत आहे, पण माझ्याकडे तसं काही द्यायला नाही.

फक्त एक गोष्ट घरात खुपत होती, आणि ती आईची होती. आईचं माहेर आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, खाडीच्या अंगाला, खालच्या वाडीत होतं. आजी-आजोबा गेल्यावर माहेर म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा विठूमामा. मामा मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. कौलं आणि नारळ घेऊन मुंबईपर्यंत जायचा. बाबा आणि मामा एका वस्तादाचे चेले. लहानपणापासून दोघे एकत्र तलवार शिकले, आणि पुढे मामानेच हट्टाने आपली बहीण बाबांना दिली. पण मी चार-पाच वर्षांची असताना शिमग्यात एक प्रकार घडला आणि तेव्हापासून मामा आमच्या घराची पायरी चढला नव्हता. त्याने आईला ये म्हटलं नाही. आणि न बोलावता जायचं नाही, असं आईने स्वतःला बजावलं होतं.

शिमग्याचा तो प्रकार सांगायला हवा. गावाच्या देवाची शिमग्यातली जागा म्हणजे मांड. पालखी मांडावर आली की संध्याकाळी उन्हं उतरताना वरच्या वाडीचा एक माणूस आणि खालच्या वाडीचा एक माणूस बोथट तलवारी घेऊन खेळायचे. ज्याच्या हातची तलवार सुटेल किंवा ज्याचा गुडघा जमिनीला लागेल तो हरला. जिंकणाऱ्याची वाडी पालखी आधी खांद्यावर घेणार. वरच्या वाडीचे बाबा, खालच्या वाडीचा मामा. त्या वर्षी खेळ रंगात आला असताना बाबांनी तलवारीच्या टोकाने मामाच्या डोक्यावरचा फेटा अलगद उडवला. केसाला धक्का नाही, आणि फेटा चार हात लांब जाऊन पडला. सगळा मांड हसला. हाताची करामत म्हणून ती मोठीच होती. पण अख्ख्या गावासमोर बहिणीच्या नवऱ्याने बोडका केला, हे मामाच्या जिव्हारी लागलं. पुढे दर वर्षी तो कुठल्याही बंदरात असला तरी शिमग्याला हजर व्हायचा, बाबांशी खेळायचा, हरायचा आणि मान खाली न घालता घरी जायचा. अशी सात वर्षं झाली.

त्या दिवशी आई मांडावर जायची नाही. नाव तरी कोणाचं घेऊन ओरडणार? स्वयंपाकघरात विळी घेऊन भिंतीकडे तोंड करून ती नारळ खवत बसायची. ढोलांचा आवाज वाढला की तिचा हातही वाढायचा. खोबरं इतकं व्हायचं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या ठरलेल्या. मी त्या पोटभर खायची आणि त्या का होतात याचा विचार करायची नाही. आता करते.

माझी नात पुण्यात तलवारबाजी शिकते. परवा तिची स्पर्धा बघायला मला नेलं होतं. पांढरे कपडे, तोंडावर जाळी, पाठीला वायर, आणि टोक लागलं की दिवा पेटतो. कोण जिंकलं ते दिवा सांगतो, त्यात भांडायला जागाच नाही. हरलेल्या मुलीने जाळी काढून हात पुढे केला, नातीने तो हातात घेतला आणि दोघी कॅन्टीनमध्ये गेल्या. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. आमच्याकडे एवढ्याला सात वर्षं लागली होती.

दोन्ही घरांत बोलणं नव्हतं म्हणून खाणं मात्र थांबलं नव्हतं. ते माझ्या हातून चालायचं. मामी फडक्याखाली झाकून कोकमं किंवा ओले काजूगर द्यायची, आई तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं वाडग्यातून पाठवायची. मी आपली फ्रॉक सावरत माडांखालून जायची. मामा जेवायला बसलेला असला की पहिला घास घेऊन विचारायचा, “कोणी केल्यान ह्या?” मामी म्हणायची, “मीच. आणि कोण करतला?” मामा म्हणायचा, “तुज्या हाताक एवडी चव कदी इली?” आणि वाडगा बोटाने पुसून खायचा. मी दारात उभी असायची. माझ्याकडे तो बघायचाही नाही, आणि निघताना माझ्या हातावर मुंबईची लिमलेटची गोळी ठेवायचा.

मी बारा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. शिमगा होऊन पंधरवडा झाला असेल. मुंबईहून सिनेमावाले आले. आगबोटीने मालवण बंदरात, तिथून सर्जेकोट आणि मग तरीच्या होडीने खाडी ओलांडून तळाशीलमार्गे आमच्याकडे. पेट्या, छत्र्या, कागदी जिरेटोप आणि चंदेरी रंगाच्या पंचवीसेक तलवारी. सिनेमा तलवारबाजीचाच होता. एका गुरूचे दोन शिष्य, दोघेही तलवारीत तरबेज, आधी जिवलग आणि मग हाडवैरी. शेवटी समुद्राकाठी दोघांची लढाई होते, आणि दुष्ट शिष्य होडीतून पाण्यात पडून मरतो. दिग्दर्शकाने ही गोष्ट देवळासमोर गावाला समजावून सांगितली. सगळ्यांनी एकदम माना वळवून आधी बाबांकडे आणि मग मामाकडे पाहिलं. दिग्दर्शकाला वाटलं, गोष्ट आवडली.

अडचण अशी झाली की नायक तलवार उलथन्यासारखी धरायचा. खलनायकाला तर पाण्याची भीती. त्यांच्याऐवजी खरं लढायला म्हणून मुंबईहून आणलेली दोन माणसं आगबोटीत अशी आडवी झाली होती की त्यांना सरपंचांच्या पडवीत निजवून ताक पाजावं लागत होतं. परतीची बोट चौथ्या दिवशी. कोणीतरी बाबांचं आणि मामाचं नाव सांगितलं. त्यांचे फाइट मास्तर म्हणून एक दांडगे गृहस्थ होते. त्यांनी दोघांना वाळूवर दोन-दोन हात करायला लावले, आणि दोन मिनिटांत तोंडातली विडी काढून म्हणाले, “बस, बस. यही दोनों.” चेहरा दिसणार नव्हता. पाठमोरे आणि लांबून घ्यायचं होतं. इथवर सगळं सुरळीत झालं. मग दिग्दर्शकाने विचारलं, “तर आता तुमच्यापैकी हरणार कोण?”

कोणीच हरायला तयार नव्हतं. बाबा मुंबईच्या माणसासमोर ठेवणीतली मराठी काढायचे, ती काढून म्हणाले, “साहेब, आम्ही खोटं हरलो तरी लोक ते खरंच बघणार ना?” मामा बाबांकडे न बघता गावाला उद्देशून बोलला, “सात वर्सां गावात हरलंय. आता मुंबैत हराक जाऊ?” दिग्दर्शक गयावया करू लागला. हा खेळ आहे, हे नाटक आहे, यात कोणाचा अपमान नाही. त्याला कळेना की हे दोघं नाटकाबद्दल बोलतच नाहीयेत. शेवटी गावच्या जाणत्या माणसांनी आमच्याकडे जे करतात तेच केलं. जमिनीचा वाद असो, लग्न असो की होडी पाण्यात कधी लोटायची हे असो, माणसांना ठरवता येत नाही ते देवाला विचारायचं. कौल लावायचा. सिनेमात कोणी हरायचं हे देवाला विचारणारं गाव भूतलावर दुसरं नसेल, पण त्यात काही गमतीचं आहे असं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. त्याने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा! मुंबैसून ही माणसां इलीसत. तेंका एक माणूस पाण्यात पाडूचो आसा. गंगारामान पडाचां असात तर उजवो कौल दी म्हाराजा!” आणि आम्ही सगळे ओरडलो, “व्हय म्हाराजा!” गंगाराम म्हणजे माझे बाबा. दिग्दर्शक चपला काढून मागे उभा होता. त्याने हळूच विचारलं, “किती वेळ लागेल?” एक म्हातारा म्हणाला, “देवाक घाय नाय.” बराच वेळ काही झालं नाही. मग उजवीकडची पाकळी घसरली आणि खाली आली. सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांनी हात जोडले आणि डोकं टेकवलं. मला वाटलं होतं मामा हसेल. तो हसला नाही, उलट काहीतरी हातातून सांडल्यासारखा चेहरा करून निघून गेला.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, “खंयसून पडतलास?”

“होडयेतसून. पाण्यात.”

“पाणी किती आसा?”

“मांडयेभर.”

“मगे हरकत नाय,” आई म्हणाली आणि भात वाढायला उठली. बाबा खरंच हसले. देवाने सांगितलं ते करायचं, त्यात कमीपणा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर. होडी उथळ पाण्यात आडवी लावली होती. मामाला नायकाचा निळा अंगरखा, बाबांना खलनायकाचा काळा. मामाने उजवीकडून वार करायचा, बाबांची तलवार उडायची, बाबांनी पाण्यात पडायचं. एवढंच. कॅमेरा सुरू झाला, मामाने वार केला आणि बाबांनी तो अडवला. दिग्दर्शक म्हणाला, काही हरकत नाही, पुन्हा. पुन्हा मामाचा वार, पुन्हा बाबांनी अडवला. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तर मामाचीच तलवार सूं करून गेली आणि दहा हातांवर पाण्यात पडली. पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. फाइट मास्तर मांडीइतक्या पाण्यात उतरून ओरडत होते, “अरे भाई, हारना है, हारना!” दिग्दर्शक वाळूत बसला. म्हणाला, उद्या सकाळी एकदा बघतो, नाहीतर हा भाग सोडून देतो.

त्याच्या रागाचं कोणाला काही नव्हतं. पण गर्दीतून एकजण म्हणाला, “देवापेक्षा मोठो झालो काय ह्यो?” आणि ते बाबांनी ऐकलं. कौल मान्य करून डोकं टेकवायचं आणि मग चारदा मोडायचा, असं आमच्या गावात आजवर कोणी केलं नव्हतं. गुरव बाजूने गेला तो दुसरीकडे बघत. बाबा ओल्या अंगरख्यासकट घरी आले आणि मागल्या पडवीत बसले. दुपारी जेवले नाहीत. आईने विचारलं तेव्हा आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, “माजो हात ऐकणा नाय गो.” मला त्यांची इतकी दया आली की मी रडायला लागले. बाबांना मी तोवर कधी हरलेलं पाहिलं नव्हतं, आणि आता हरता येत नाही म्हणून ते असे बसले होते.

चार वाजता खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पावलं वाजली. आई पायरीवर बसून हातांना राख लावून ओले काजू सोलत होती. तिने वर पाहिलं. मामा उभा होता, काखेत चिवारी बांबूच्या दोन काठ्या.

“भावजी आसात काय?” त्याने विचारलं.

आई उठली, पण राखेचे हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. “सात वर्सांनी इलंस आणि भावजीक इचारतंस?”

“तुका मगे इचारतंय,” मामा म्हणाला, आणि घसा साफ करून मागल्या पडवीकडे गेला.

बाबा उठून उभे राहिले. मामा त्यांच्यापासून चार हातांवर थांबला. आई आणि मी दाराआड. लपून ऐकणं वाईट असतं हे आईनेच मला शिकवलं होतं, पण त्या दिवशी तिनेच मला पुढे ढकललं, कारण तिला माझ्या डोक्यावरून नीट दिसत होतं.

“गंगाराम,” मामा म्हणाला. भावजी वगैरे संपलं होतं. “तू मुद्दाम करणस नाय, ह्या माका ठावक आसा. गावाक ठावक नाय.”

“हात ऐकणा नाय,” बाबा म्हणाले.

“हात कसो ऐकतलो? तेका हराक येणाच नाय. माका येता. सात वर्सां मी तांच केलंय. ऊठ, शिकवतंय तुका.”

बाबा उभेच होते, तरी तो ऊठ म्हणाला. एक काठी त्याने बाबांकडे फेकली. बाबांनी ती हवेत झेलली आणि मामा वैतागला, “ही बघ खोड! पडाक दी ना ती!” मग दोघे खळ्यात आले. शेणाने सारवलेलं स्वच्छ खळं, एका कडेला गवताची उडवी. मामाने बाबांना उडवीसमोर उभं केलं. वस्ताद चेल्याला सांगतो तसं सांगायला सुरुवात केली. “वार येता तेवा तू माज्या मनगटाकडे बघतस. मनगट तुका सांगता वार खंयसून येतलो. आता मनगटाकडे बघू नको.”

“मगे खंय बघू?”

“माज्या डोळ्यांत.”

बाबांनी वर पाहिलं. आणि लगेच खाली पाहिलं.

“काय झाला?”

“सात वर्सां बघूक नाय,” बाबा म्हणाले. मग बाबा काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत बोलले, “त्या वर्साक मी फेटो उडवलंय. ता चुकला माजा. वाराची गरज नाय होती. लोकांनी हसाचां म्हणान उडवलंय.”

मामाचा चेहरा हलला. मला वाटलं आता तो रडेल किंवा बाबांना मिठी मारेल. तसलं काही आमच्याकडची माणसं करत नाहीत. “आता बोलतंस?” तो एवढंच म्हणाला. “काठी उचल. बघ माज्याकडे.”

आणि मग ती शिकवणी सुरू झाली. बाबांनी मामाच्या डोळ्यांत बघायचं, मामाने काठी मारायची. पहिल्यांदा बाबांनी वार अडवला. दुसऱ्यांदाही अडवला. पाचव्या की सहाव्या वेळी काठी बाबांच्या हातून सुटली. सुटल्यावर ते आपल्या रिकाम्या हाताकडे असे बघत राहिले की मी खुदकन हसले. मग पडायचं. बाबा धप्पकन गवतावर पडले. मामा म्हणाला, “फणस पडता तसो पडू नको. माणूस पडता तसो पड. आदी गुडघो सोड, मगे खांदो. आणि पडताना माज्याकडेच बघ, जमिनीकडे नको. जमीन काय खंय जाणा नाय.” बाबा पुन्हा पडले. पुन्हा उठले. बारा-पंधरा वेळा पडले असतील. केसांत गवत, गुडघे सोललेले. मामाने मला बोलावून घेतलं आणि विचारलं, “बाये, कसो पडलो तुजो बापूस?” मी म्हटलं, “बरो पडलो.” मामा म्हणाला, “नाय. खांदो आदी पडलो. परत.” इतकं सोपं काम इतकं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. मामा सात वर्षं हे करत आला होता आणि त्याला कोणी कधी शाबासकी दिली नव्हती, हेही कळलं.

आई मधूनच आत गेली होती. उन्हं उतरली तेव्हा आतून काजूगरांच्या आमटीचा वास आला, आणि तिने पडवीत दोन पाट मांडले. मामा पायरीशी थांबला. आई म्हणाली, “वाडगो घेवन चेडू कितीदा पळवायचा? बस.” मामा बसला. पहिला घास घेतला आणि मान खाली घालूनच म्हणाला, “तुजी आमटी, तुजा तिखलां. सात वर्सां ओळखलंय मी.” आईने तोंडाला पदर लावला. बाबा म्हणाले, “तिका भात वाढूक दी, रडवू नको,” आणि सगळं पुन्हा जेवणाच्या वळणावर आलं. त्या जेवणाची चव मला अजून आठवते. आमटीत मीठ जरा जास्त पडलं होतं.

दुसऱ्या सकाळी पहिल्याच वेळी जमलं. मामाने वार केला, बाबा त्याच्या डोळ्यांत बघत होते. तलवार उडाली, आधी गुडघा, मग खांदा, आणि बाबा मागच्या मागे पाण्यात गेले. मग गुरवानेच हात वर करून आरोळी दिली, “व्हय म्हाराजा!” आणि सगळा किनारा ओरडला, “व्हय म्हाराजा!” हा आवाज सिनेमात घ्यायचा दिग्दर्शकाचा विचार होता म्हणे, पण कथेत तो कुठे बसेना.

बाबा भिजून कुडकुडत होते आणि होडी लावली होती तिथून मामाचं घर जवळ, म्हणून सगळे तिथेच गेलो. आईला ये म्हणायला कोणाला सुचलंच नाही, सगळे बाबांच्या मागे धावत होते. तीही धावत होती. उंबरा ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच उभी राहिली. मामीने तिला हळदकुंकू लावलं. बाबांना मामाचं धोतर दिलं, चहा ठेवला. आई सवयीने चुलीपाशी गेली, फळीवर हात घातला आणि म्हणाली, “वैनी, साखरेचो डबो खंय गेलो गो? हय असायचो.” मामी म्हणाली, “सात वर्सांत फळी बदल्ली.” मग मात्र आई जी रडायला लागली, ती चहा गार होईपर्यंत. बाबा आणि मामा बाहेर उंबऱ्यावर बसून आत काहीच चाललेलं नाही अशा थाटात वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलत राहिले.

पुढच्या शिमग्याला कोण जिंकलं, असं सगळे मला विचारतात. बाबाच जिंकले. हात तो हातच, शिमग्याला कौल नव्हता. मामा आठव्यांदा हरला, आणि तलवार खाली ठेवल्यावर थेट आमच्याकडे, आईने सकाळीच करून ठेवलेल्या खापरोळ्या खायला आला. आई त्या वर्षी पहिल्यांदा मांडावर आली होती. पण उभी राहिली ती दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून, आणि तोंडातून हूं की चूं नाही. सवय मोडायला वेळ लागतो.

सिनेमा आला त्यानंतरच्या वर्षी. मालवणला पाऊस संपल्यावर तंबू लागायचा, त्यात. नाव सांगत नाही, लक्षात ठेवण्यासारखं नव्हतं. पण आमच्या गावाने अख्खी तरीची होडी भरून तीन खेपा केल्या. दिवेलागणीचा खेळ होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे दोरी आणि खाली वाळू. मामी, आई आणि मी दोरीला लागून बसलो, दोरीच्या पलीकडे मामा आणि बाबा. आधीचे दोन तास आम्ही कसेबसे काढले. नायक गाणी म्हणत होता आणि तलवार नेमकी उलथन्यासारखीच धरत होता. मग आमचा समुद्र आला, आमची सुरूची झाडं, आमची होडी. गाव सावरून बसलं. निळ्या अंगरख्याची पाठ मामाची, काळ्याची पाठ बाबांची. मधूनमधून नायकाचा चेहरा यायचा तेव्हा सगळे त्याला बाजूला हो म्हणायचे. वार झाला. तलवार उडाली. बाबा पडले, आधी गुडघा, मग खांदा, आणि पाणी उसळलं.

तंबूत गाव गप्प झालं. बाबांना पडताना सगळ्यांनी पूर्वी पाहिलंच होतं, पण पडद्यावर ते जास्त खरं वाटत होतं. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून एक आवाज उठला, एवढा मोठा की पुढच्या रांगेतलं मूल दचकून रडायला लागलं. आई गुडघ्यांवर उभी राहून ओरडत होती, “दादा! बरो मारलंस रे! बरो मारलंस!” मी तिला आयुष्यात कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. ऑपरेटरने मागून शुक्-शुक् केलं. मामीने तिचा पदर खेचला आणि विचारलं, “अगो, तू खंयच्या बाजूची?”

“आज म्हायारची,” आई म्हणाली.

दोरीच्या पलीकडे मामाने डोळ्यांवर हात धरला होता, आणि पडद्यावर नुकतेच मेलेले माझे बाबा वाळूत मांडी थोपटत हसत होते.